गाठीची मिती आणि गोंदियाची स्लाइड

केंद्र सरकारने अलीकडे देशाची किनारपट्टी वाढवली, तीही वीतभर जमीन न मिळवता. ७,५१६ किलोमीटरची ती ११,०९८ किलोमीटर झाली. महाराष्ट्राचा किनारा ६५२ वरून ८७८ किलोमीटरवर गेला, पश्चिम बंगालचा १५७ वरून थेट ७२१ वर. समुद्र होता तिथेच आहे. जुने माप ४५ लाखांस १ प्रमाणाच्या नकाशावरून घेतलेले होते, नवे अडीच लाखांस १ प्रमाणाच्या नकाशावरून. नकाशा जवळून पाहिला तशी कोकणातल्या खाड्यांची आणि सुंदरबनातल्या नदीमुखांची वळणे हिशेबात आली आणि आकडा फुगला.

लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाला देशोदेशींच्या सरहद्दी तपासताना हेच कोडे पडले होते. एकाच सीमेची लांबी स्पेन ९८७ किलोमीटर सांगत होता आणि पोर्तुगाल १,२१४. रिचर्डसनच्या या मोजमापांचा अर्थ बेन्वा मांडेलब्रोने १९६७ साली 'सायन्स' नियतकालिकात लावला. लांबी किती हे विचारू नका, असे त्याचे म्हणणे. फूटपट्टी लहान करत गेल्यावर लांबी किती वेगाने वाढते ते विचारा. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्याला त्याने १.२५ हा आकडा दिला. सरळ रेषेची मिती १, सपाट पृष्ठभागाची २, आणि वेडावाकडा किनारा या दोहोंच्या मध्ये. अशा आकारांना 'फ्रॅक्टल' हे नाव त्याने १९७५ साली दिले. समुद्र न पाहिलेल्या गोंदियाकराने नवेगावबांधच्या तलावाचा काठ आधी ढांगा टाकत आणि मग दोरीने मोजून पाहावा, प्रचिती येईल.

हे सगळे गोंदियाच्या वाचकापुढे मांडण्याचे कारण मेंदूची गाठ. गेली तीसेक वर्षे गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना हीच मिती मोजावी आणि तिच्यावरून गाठीचा स्वभाव ओळखावा, असा प्रयत्न जगभर चालू आहे. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. केटीएस आणि बाई गंगाबाई ही रुग्णालये त्याला जोडलेली आहेत. जिथे महाविद्यालय तिथे हिस्टोपॅथॉलॉजी असते, आणि जिथे हिस्टोपॅथॉलॉजी तिथे 'एआय'ची सादरीकरणे आणि खरेदीचे प्रस्ताव आज ना उद्या पोचतात. फ्रॅक्टल मिती ही त्या घराण्यातल्या थोरल्यांपैकी एक. तिचे गणित बारावीच्या मुलाला कळते, तिचे सॉफ्टवेअर फुकट मिळते, तिच्यात झाकलेले काही नाही. सरकारी प्रयोगशाळेत तिला जागा द्यावी का, याचा नीट विचार झाला तर पुढे येणाऱ्या महागड्या आणि झाकलेल्या यंत्रणांना कोणते प्रश्न विचारायचे हेही आपोआप कळेल.

आधी मोजतात कसे ते पाहू. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पक्का होतो, मेणाच्या ब्लॉकमध्ये बसतो, त्याचा तीन ते पाच मायक्रॉन जाडीचा काप काचेवर येतो. नेहमीच्या निळ्या-गुलाबी रंगाऐवजी सीडी३४ ही चाचणी लावली तर रक्तवाहिन्यांच्या भिंती तपकिरी दिसतात. या स्लाइडचा फोटो संगणकात घेऊन तो निव्वळ काळा-पांढरा करायचा: वाहिनी काळी, बाकी सगळे पांढरे. मग त्यावर चौकटींची जाळी ठेवायची आणि किती चौकटींत काळे सापडते ते मोजायचे. चौकटीची बाजू निम्मी करून पुन्हा मोजायचे, पुन्हा निम्मी, पुन्हा मोजणी. फोटोत नुसती सरळ रेघ असती तर दर खेपेला चौकटी दुप्पट झाल्या असत्या. भरीव डाग असता तर चौपट. वाहिन्यांचे जाळे या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसते आणि ते नेमके कुठे बसते तीच त्याची मिती.

बोस्टनमध्ये राकेश जैन यांच्या गटाने १९९५ साली उंदरांवर केलेल्या अभ्यासातले आकडे या क्षेत्रात अजून सांगितले जातात. कानपूरच्या आयआयटीतून केमिकल इंजिनीअरिंग शिकून गेलेले जैन गाठीच्या रक्तवाहिन्यांकडे पाइपलाइनच्या नजरेने पाहत होते. निरोगी धमन्या आणि शिरांची मिती १.७० आली, गाठीतल्या वाहिन्यांची १.८९, आणि निरोगी केशवाहिन्यांची १.९९. चौकटींच्या भाषेत सांगायचे तर बाजू निम्मी केल्यावर धमन्या-शिरांच्या चौकटी सव्वातीन पट होतात, गाठीच्या ३.७ पट, केशवाहिन्यांच्या जवळजवळ चौपट. निरोगी केशवाहिन्या ऊती इतक्या सारख्या भरून टाकतात की प्रत्येक पेशीला रक्त हाताशी मिळते. गाठीतल्या वाहिन्यांना असा शिस्तीचा आराखडा नसतो, सच्छिद्र दगडात पाणी झिरपावे तशा त्या मिळेल त्या वाटेने जातात.

या तीन आकड्यांत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. गाठीचा आकडा दोन निरोगी आकड्यांच्या मध्ये आहे. म्हणजे मिती वाढली की आजार वाढला, असा सरळ हिशेब इथे चालत नाही. तुलना कोणत्या वाहिन्यांशी केली यावर 'जास्त' की 'कमी' ते ठरते. उत्साहाने लिहिलेल्या लेखांत हे वाक्य बहुधा गाळले जाते.

मितीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मात्र हलके नाही. ग्लायोमा या प्रकारातल्या गाठींची प्रत ठरवताना दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचे एकमत होईलच असे नसते, हे परदेशांतल्या मोठ्या चाचण्यांतही वारंवार दिसले आहे. एकाला जी गाठ दुसऱ्या प्रतीची वाटते ती दुसऱ्याला तिसऱ्या प्रतीची वाटू शकते, आणि या एका प्रतीवर रेडिएशन द्यायचे की थांबायचे हे अवलंबून असते. केवळ मेंदूच्या ऊतींवर आयुष्य घालवलेले न्यूरोपॅथॉलॉजिस्ट देशातच मोजके, तेही मुंबई, बंगळुरू, दिल्ली अशा ठिकाणी. अशा स्थितीत एकाच चित्रातून दर वेळी एकच आकडा देणारी पद्धत आकर्षक वाटणारच. शिवाय ती पॅथॉलॉजिस्टच्या नजरेला परकी नाही. ग्लायोब्लास्टोमा ही ग्लायोमांतली घातक गाठ ओळखताना नव्या वाहिन्यांची गर्दी बघायची, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातच आहे. डोळा ज्याला 'खूप' किंवा 'थोडे' म्हणतो त्यालाच मिती संख्या देते.

यावर गंभीर काम झालेले आहे. अंतोनियो दी इयेवा या न्यूरोसर्जनने ग्लायोमा आणि पिट्युटरीच्या गाठींतल्या सूक्ष्मवाहिन्या याच पद्धतीने मोजल्या. त्यांनी संपादित केलेला 'द फ्रॅक्टल जिऑमेट्री ऑफ द ब्रेन' हा ग्रंथ २०१६ साली आला. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ साली एमआरआयच्या चित्रांवरून फ्रॅक्टल मिती आणि जाळ्यातल्या पोकळ्यांचे माप काढून ग्लायोमाच्या प्रती वेगळ्या करता येतात का ते तपासले. इमेजजे हे सॉफ्टवेअर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने फुकट उपलब्ध केलेले आहे आणि चौकटी मोजणारी फ्रॅकलॅक ही त्याची पुरवणीही फुकट आहे. सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा आणि साधा संगणक असला की काम सुरू होते. सरकारी महाविद्यालयात ज्या गोष्टीला टेंडर लागत नाही तिचे स्वागत करण्याची घाई होणे स्वाभाविक आहे.

घाई नको, असे म्हणणाऱ्यांची पहिली हरकत त्या काळ्या-पांढऱ्या फोटोवर आहे. तपकिरीच्या किती गडद छटेपासून पुढे 'काळे' धरायचे? संगणकावर ती सीमा माउसने सरकवता येते. थोडी डावीकडे नेली की फिकट वाहिन्या गळतात, थोडी उजवीकडे नेली की पार्श्वभूमीतला डाग वाहिनी बनून बसतो, आणि मितीचा दुसरा दशांश प्रत्येक वेळी हलतो. निरोगी आणि रोगट यांच्यातला फरकसुद्धा दशांशांतच असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे माउसच्या त्या हालचालीचे वजन कळते. रंग गडद की फिका, हे पुन्हा अनेक गोष्टींवर ठरते. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये किती उशिरा पडला, किती वेळ राहिला, काप तीन मायक्रॉनचा की पाचचा, प्रतिपिंडाची बाटली कोणत्या कंपनीची, उन्हाळ्यात फ्रिज नीट चालला का. आपल्याकडच्या कोणत्याही जिल्ह्यात काम केलेला तंत्रज्ञ सांगेल की तुकडा कधी अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबून येतो, कधी सलाइनमध्येच तरंगत येतो. अशा तुकड्याचीही मिती निघते. संगणक कुरकुर करत नाही, तीन दशांशांपर्यंत उत्तर देऊन मोकळा होतो.

दुसरी हरकत गणितातूनच येते आणि आम्हाला ती सर्वांत खोल वाटते. फ्रॅक्टल म्हणवणाऱ्या वस्तूचा गुण लहानापासून मोठ्यापर्यंत अनेक प्रमाणांत टिकला पाहिजे. डेव्हिड अवनीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली 'सायन्स'मध्ये एक हिशेब मांडला. भौतिकशास्त्राच्या नामांकित नियतकालिकांत फ्रॅक्टल म्हणून छापलेले प्रयोग त्यांनी गोळा केले, तेव्हा दिसले की बहुतेकांत हा गुण सरासरी १.३ दशकांपुरताच पडताळलेला आहे. म्हणजे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या मापात सुमारे वीस पटींचे अंतर. आपल्या किनारपट्टीच्या दोन नकाशांतही १८ पटींचेच अंतर होते. इतक्या आखूड पल्ल्यात आलेखावरचे ठिपके जवळजवळ सरळ रेषेत बसतात आणि कोणतीही वेडीवाकडी गोष्ट फ्रॅक्टल दिसू लागते. सूक्ष्मदर्शकाच्या एका फोटोतही पल्ला साधारण एवढाच मिळतो: वाहिनीच्या जाडीपासून फोटोच्या चौकटीपर्यंत. तेवढ्यात जो आकडा निघतो तो उपयोगी असू शकतो, पण त्याला निसर्गनियमाचा मान देणे घाईचे ठरेल. तिथे तो गुंतागुंतीचे एक सोयीचे माप आहे, इतकेच.

तिसरी हरकत काळाची. मेंदूच्या गाठींचे वर्गीकरण आकारावरून जनुकांकडे सरकले आहे. २०१६ साली सुरू झालेला हा बदल २०२१ च्या पाचव्या आवृत्तीत पक्का झाला. आता आयडीएच जनुकात बदल नसेल तरच प्रौढांतल्या गाठीला ग्लायोब्लास्टोमा म्हणतात; बदल असेल आणि सोबत १पी-१९क्यू हे गुणसूत्रांचे तुकडे गळालेले असतील तर ती ऑलिगोडेंड्रोग्लायोमा. नावातला हा फरक रुग्णाच्या आयुष्यात काय करतो? २००५ साली टेमोझोलोमाइड या औषधाच्या चाचणीत ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांचे मध्यक आयुष्य रेडिएशनच्या १२.१ महिन्यांवरून औषधाच्या जोडीने १४.६ महिन्यांवर गेले आणि जगभर ती उपचाराची पद्धत झाली. ऑलिगोडेंड्रोग्लायोमाचे रुग्ण उपचार घेऊन दहा वर्षांहून जास्त जगतात. रक्तवाहिन्यांची मिती कितीही काटेकोर मोजली तरी हे दोन रस्ते ती खात्रीने वेगळे करू शकत नाही. आयडीएच१ची साधी प्रतिपिंड-चाचणी मात्र ग्लायोमांतले जवळजवळ नव्वद टक्के आयडीएच बदल पकडते. हातात थोडेच पैसे असतील तर ते आधी त्या बाटलीवर जावेत, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

गोंदियाची वाट तर याच्याही आधी सुरू होते. सालेकसा किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या माणसाला पहिली फिट येते तेव्हा घरात मिरगी म्हणून बघितले जाते, कधी अंगात आले म्हणून. प्राथमिक आरोग्य केंद्रातून गोंदिया, तिथे सिटी स्कॅन, त्यात कडीसारखा ठिपका. भारतात असा ठिपका टीबीची गाठही असू शकतो, टेपवर्मच्या अळीची पुटकुळीही. मग 'रेफर' लिहिलेला कागद आणि नागपूरची गाडी, रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. नागपुरात मेडिकल, एम्स किंवा जामठ्याची राष्ट्रीय कॅन्सर संस्था. बालाघाट आणि राजनांदगावकडचे रुग्णही गोंदियालाच येत असल्याने ही रांग जिल्ह्याच्या लोकसंख्येच्या मानाने लांब आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेने शस्त्रक्रियेचा खर्च बराच उचलला. नातेवाइकाची बुडालेली मजुरी आणि धर्मशाळेतल्या रात्री कोणत्याच योजनेत बसत नाहीत. या वाटेवरचे दिवस ज्याने कमी होतात तो खर्च पहिला, मितीचा त्यानंतर.

आकड्यांनीही हेच दिसते. भारतात मेंदू आणि मज्जारज्जूच्या गाठींचे प्रमाण वर्षाला लाखामागे पाच ते दहा धरले जाते, आणि त्यात निरुपद्रवी गाठीही आल्या. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख २२ हजार होती. म्हणजे वर्षाकाठी फार तर एकशे तीसेक. त्यांच्यातही शस्त्रक्रिया होऊन तुकडा हाती येणारे आणखी कमी, आणि तो तुकडा बहुधा नागपुरातच तपासला जातो. एवढ्या थोड्या स्लाइडवर गोंदियात कोणतीही पद्धत पारखून घेता येणार नाही.

पण जिल्ह्यात एक ऊती भरपूर येते: तोंडातली. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घासून केलेला खर्रा पूर्व विदर्भात चौकाचौकात मिळतो आणि शाळेच्या वयापासून गालात जातो. त्याची किंमत तोंडाच्या आतल्या अस्तराला मोजावी लागते. बायोप्सीत पॅथॉलॉजिस्ट पाहतो ते हे अस्तर आणि त्याखालची ऊती यांच्यातली सीमारेषा. निरोगी तोंडात ती सौम्य लाटांची असते. पेशी बिघडू लागल्या की ती वेडीवाकडी होते आणि कॅन्सर झाला की फुटून आत घुसते. ही रेषा म्हणजे जवळजवळ किनाराच, आणि ब्रिटनमध्ये गाब्रिएल लान्दिनी आणि रिपिन यांनी १९९३ साली जिभेखालच्या भागातल्या अशाच सीमारेषांची फ्रॅक्टल मिती मोजून दाखवली आहे. तिला सीडी३४ची महाग चाचणी लागत नाही, रोजचा निळा-गुलाबी रंग पुरतो. मेंदूची गाठ हा शब्द व्यासपीठावर जास्त वजनदार वाटतो, हे खरे. तरीही गोंदियाने हे तंत्र शिकायचेच ठरवले तर सुरुवात खर्रा खाणाऱ्याच्या गालापासून करावी, असे आमचे मत आहे.

'हे टाटाला करू द्या, जिल्ह्याने रुग्ण बघावेत', हा युक्तिवाद यावर लगेच येतो. टाटा मेमोरियलने कॅन्सरच्या चित्रांची मोठी बँक उभारायला घेतली आहे आणि तिचा भर आधी डोके-मान व फुप्फुसाच्या कॅन्सरवर आहे. हैदराबादमध्ये आयआयआयटी आणि निम्स रुग्णालयाने मिळून मेंदूच्या गाठींच्या भारतीय स्लाइडचा संच २०२४ साली खुला केला. ही कामे मोठ्या संस्थांनीच करायची. पण त्या बँकांत गोंदियाची स्लाइड नसेल तर त्यांच्यावर शिकलेली पद्धत गोंदियाच्या स्लाइडवर चालेल, हे गृहीत कशावर धरायचे? १९४१ मध्ये टाटा रुग्णालय सुरू झाले तेव्हा तिथला पॅथॉलॉजी विभाग उभारणाऱ्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी हाच प्रश्न विचारला होता. त्यांनी आणि डॉ. सूर्याबाईंनी १९४५ साली धोतराच्या घट्ट गाठीखाली, कमरेच्या कातडीवर होणारा कॅन्सर नोंदवला. युरोपातल्या पुस्तकांत तो असणे शक्य नव्हते, कारण तिथे कोणी धोतर नेसत नव्हते. गालातल्या खर्र्याच्या जागेचेही तसेच आहे.

सिकलसेल या रक्ताच्या आजाराने या भागाला एक पद्धत शिकवूनही ठेवली आहे. गावात आणि शाळेत सोल्युबिलिटी टेस्ट, ती पॉझिटिव्ह आली तर वरच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रोफोरेसिस. पहिली चाचणी स्वस्त आहे, रोग आहे की वाहक आहे ते तिला सांगता येत नाही, आणि तिच्या जोरावर कोणी लग्न मोडू नये हे आरोग्यसेविकेलाही माहीत असते. कच्ची चाचणी कुठे थांबते हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळेच ती वापरात टिकली. फ्रॅक्टल मितीची ही थांबण्याची जागा अजून कोणी आखलेली नाही. कोणत्या आकड्याच्या वर स्लाइड नागपूरला पाठवायची, याचे उत्तर आज कोणाकडे नाही, आणि ते परदेशातल्या लेखातून उचलता येणार नाही.

म्हणून आमचा विरोध एका जागी ठाम आहे: हा आकडा रुग्णाच्या रिपोर्टवर येऊ नये. आपल्याकडे रिपोर्ट डॉक्टरच्या आधी नातेवाईक वाचतात. हिमोग्लोबिन किती आणि समोर नॉर्मल किती छापले आहे, ते बोटाने जुळवून बघतात. तिथे 'फ्रॅक्टल मिती १.८४' असे दिसले की पहिला प्रश्न येणार, नॉर्मल किती असते? उत्तर देताना चांगला डॉक्टर अडखळेल, आणि न अडखळणारा डॉक्टर जास्त धोक्याचा. उद्या एखाद्या खासगी लॅबने हाच आकडा रंगीत आलेखासह छापून त्याचे दोन हजार जादा घेतले तर त्यांना अडवणारा नियम कोणता? मोबाइलवर फिरणाऱ्या रिपोर्टच्या फोटोत खालची बारीक अक्षरातली सूचना कापलेली असते, हेही ध्यानात ठेवावे.

तंत्र पूर्णपणे बाजूला ठेवा, हेही आम्हाला मान्य नाही. मिती मोजायला लागल्यावर प्रयोगशाळेचे स्वतःचे दोष उघडे पडतात आणि तो फायदा रोगनिदानाहून आधी मिळतो. एकाच ब्लॉकचे दोन काप दोन दिवशी रंगवून मोजले आणि आकडे जुळले नाहीत, तर गाठ बदललेली नसते. रंग, जाडी किंवा फॉर्मॅलिन यांपैकी काहीतरी बदललेले असते. रोजच्या धावपळीत ज्या ढिलाईकडे डोळा सरावतो तिच्यावर हा आकडा बोट ठेवतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंधासाठी विषय हवाच असतो. दरवर्षी त्याच त्या मथळ्याखाली नवे आकडे भरण्यापेक्षा एखाद्याने आपल्याच विभागाच्या स्लाइड किती स्थिर आहेत हे तपासले तर परीक्षक कंटाळणार तरी नाही.

काम बेताचे आहे. गोंदियातल्या तोंडाच्या बायोप्सींचे ब्लॉक क्रमांक घालून नीट जपायचे, रुग्णाचे नाव काढून टाकायचे, संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी घ्यायची. फोटो किती भिंगाने घ्यायचा, काळ्या-पांढऱ्याची सीमा कोणत्या नियमाने ठरवायची आणि चौकटी कुठपासून कुठपर्यंत घ्यायच्या, हे मोजणीच्या आधी कागदावर लिहून ठेवायचे. निकाल पाहून सीमा सरकवायची नाही. मोजणाऱ्याला रोगाचे नाव कळता कामा नये. तीच काच नागपूरच्या एखाद्या विभागाकडे पाठवून तिथून स्वतंत्र आकडा मागवायचा. दोन ठिकाणचे आकडे जुळले आणि रुग्णांचा दोन-तीन वर्षांचा पाठपुरावा हाती आला, तर मेंदूच्या गाठींसाठी नागपूरला सोबत घेऊन पुढचे पाऊल टाकता येईल. नाही जुळले, तर तेही छापावे. न जुळलेले आकडे छापायला आपल्याकडे कोणी धजत नाही, आणि या क्षेत्राला आज त्यांचीच टंचाई आहे.

या सगळ्यासाठी विभागाच्या वहीत एक रकाना वाढेल. त्यात मिती लिहिताना शेजारी कापाची जाडी, रंगाचा बॅच क्रमांक आणि तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पडल्याची वेळ लिहावी. यातली शेवटची नोंद ऑपरेशन थिएटरमधून यावी लागते, आणि ती बाटलीवर लिहिण्याची सवय लावायला कोणतीही भूमिती लागत नाही.